निफाडची थंडी आणि १९९६ची कास्ट आयर्न बुलेट: सकाळची पहिली किक

द्राक्षबाग:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९६ सालची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे. जुने कास्ट आयर्न (बिडाचे) इंजिन, उजव्या पायाचा गिअर, पॉइंट-कंडेन्सरचे इग्निशन (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारी दोन टोके), बारा व्होल्टची बॅटरी आणि मिककार्बचा चोवीस मिलिमीटरचा कार्बोरेटर, म्हणजे वडिलांनी घेतली तेव्हा होती तशीच. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिच्याबद्दल माझी काही तक्रार नसते. तक्रार सुरू होते डिसेंबरात. निफाडला थंडी कशी पडते हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. बागेत शेकोट्या पेटवायला पहाटे साडेचारला गाडी काढावी लागते, तेव्हा पारा सहा-सात अंशांवर असतो.

प्रकार असा होतो. पहिल्या आठ-दहा किकांना इंजिन काहीच उत्तर देत नाही. मग एखादा ‘फट्’ असा आवाज येतो आणि कधीकधी किक उलटी येऊन पायाला लागते. पंधराव्या-सोळाव्या किकला गाडी धरते, पण चोक चालू असतानाही दर चार-पाच ठोक्यांनंतर एक ठोका गाळते. चोक बंद केला की कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येतो आणि इंजिन बंद पडते. हाताने रेस धरून चार-पाच मिनिटे काढली की सगळे सुरळीत होते आणि त्यानंतर दिवसभर ती एका किकेत सुरू होते, इतकी की शेजारी हसतात. पहिल्यांदा धरते तेव्हा निळसर धूर येतो, तो मिनिटभरात जातो.

गेल्या महिन्यात एका मेकॅनिककडे दाखवली. त्यांनी प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल एकदमच बदलले आणि कार्बोरेटर धुऊन दिला. फरक पडला नाही. किंवा थोडा पडला असेल तरी तो कशामुळे, हे कळायला मार्ग उरला नाही. आता ते म्हणतात की इंजिन बसले आहे, म्हणजे झिजले आहे, सिलिंडर बोअर करून (आतून कोरून) ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागेल. दुसरे एक जण म्हणतात की हा सगळा पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रताप आहे आणि त्यावर उपाय नाही. इंजिन उघडण्यापूर्वी घरच्या घरी काय काय, आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने तपासावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

जुना_फिटर:

द्राक्षबाग, बोअरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. जे इंजिन गरम झाल्यावर एका किकेत उठते आणि हात न लावता मंद चालते, ते ‘बसलेले’ नसते. तरीही मनात शंका राहू नये म्हणून उद्या सकाळी सर्वांत आधी एक परीक्षा घ्या, ती फुकट आहे. इग्निशन बंद ठेवून किक हळू दाबत पिस्टन कॉम्प्रेशनवर, म्हणजे किक जड लागते त्या जागी, आणा आणि मग किकवर अंगाचा भार देऊन नुसते उभे राहा. सुस्थितीतले इंजिन तुम्हाला काही सेकंद तोलून धरते आणि मग किक सावकाश खाली जाते. ती लोण्यात सुरी गेल्यासारखी सरळ खाली गेली, तर दोन गोष्टी बघायच्या, आणि त्यांत बोअर दुसरी येते. पहिली म्हणजे डिकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या छोट्या झडपेची, केबल. ती ताणून बसवलेली असेल तर झडप किंचित उघडी राहते आणि अर्धे कॉम्प्रेशन तिथूनच निघून जाते. केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी. क्लच ओढून एक किक आधीच मारून घ्यावी, कारण थंडीत जाड झालेल्या ऑइलने क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात.

आता क्रमाबद्दल. थंड स्टार्टच्या दुखण्यात सर्वांत मोठी अडचण अशी असते की, इंजिन तुम्हाला दिवसाला एकच प्रयोग करू देते. बीडाचे ते अवजड सिलिंडर एकदा तापले की पूर्ण निवायला तासन् तास लागतात, आणि दुपारी चार वाजता ‘थंड’ वाटणारे इंजिन पहाटेच्या इंजिनासारखे मुळीच वागत नाही. तुमच्या मेकॅनिकने चार सुटे भाग एकाच दिवशी बदलले, म्हणजे चार प्रयोगांचे उत्तर एकाच ओळीत लिहिले. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्या दारात दुपारी अकराला गाडी येते आणि ती एका किकेत सुरू होते. त्याने पाहायचे काय? हे काम मालकानेच करायचे असते. एक वही घ्या, रोज एकच गोष्ट बदला, आणि किती किका लागल्या, चोक कधी बंद करता आला, शिंक आली की नाही, एवढे लिहून ठेवा.

पहिल्या सकाळी काहीही न बदलता फक्त एवढे करा की, दहा किका वाया गेल्यावर प्लग काढून पाहा. प्लग ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन पोचते आहे, ठिणगी कमी पडते आहे. प्लग कोरडा असेल तर ठिणगीच्या मागे लागण्यापूर्वी इंधनाचा विचार करायचा. पुष्कळ लोक ही अर्ध्या मिनिटाची तपासणी टाळतात आणि महिनाभर चुकीच्या बाजूला खणत बसतात.

दुसऱ्या सकाळी अँमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह मोजणारा काटा. हेडलाइटच्या वरच्या डब्यावर जो छोटा काटा आहे, त्याला लोक शोभेची वस्तू समजतात. प्रत्यक्षात कंपनीने तुम्हाला गाडीसोबत दिलेले ते सर्वांत उपयोगी तपासणी-यंत्र आहे. इग्निशन चालू करून किक अगदी सावकाश दाबा. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह जातो, म्हणून काटा वजा बाजूला तीन-चार अँपिअर सरकला पाहिजे. पॉइंट उघडले की तो शून्यावर येतो, आणि ती जागा म्हणजे कॉम्प्रेशनच्या टोकाच्या किंचित आधीची. तिथे थांबून डिकॉम्प्रेसर ओढायचा, किक आणखी थोडी दाबून पिस्टन टोकाच्या पलीकडे न्यायचा, डिकॉम्प्रेसर सोडून किक पूर्ण वर घ्यायची आणि मग पायाचा सगळा भार टाकून एक लांब किक मारायची. जुने लोक हे सवयीने करत. माझा प्रश्न मात्र असा आहे की, पहाटे तुमचा काटा वजा बाजूला जातो का, आणि किती जातो? तो पहाटे जेमतेम हलत असेल आणि संध्याकाळी पूर्ण जात असेल, तर पॉइंटच्या टोकांमध्ये काहीतरी अडसर आहे.

आणि उलट्या किकेकडे दुर्लक्ष करू नका. किक उलटी येते याचा अर्थ पिस्टन वर पोचण्याच्या बराच आधी ठिणगी पडते आहे. पॉइंटच्या प्लेटखाली ऑटो-अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेची) जी दोन वजने असतात, ती इंजिन थांबल्यावर स्प्रिंगने मिटून बसली पाहिजेत. वर्षानुवर्षांचे वाळलेले ग्रीस थंडीत डिंकासारखे होते, वजने अर्धवट उघडी राहतात आणि सुरू करतानाच टायमिंग पुढे गेलेले असते. पॉइंट उघडणारा कॅम बोटाने फिरवून सोडला तर तो टचकन जागेवर परत यायला हवा. रेंगाळत आला तर तिथे घाण आहे.

पायलट_जेट:

फिटरकाकांनी विजेची बाजू सांगितली आहे, मी मिश्रणाबद्दल लिहितो, कारण ‘चोक बंद केला की कार्बोरेटर शिंकतो’ हे वाक्य वाचल्यावर मला तुमचे निम्मे दुखणे तिथेच दिसते. ती शिंक म्हणजे पातळ मिश्रण. पातळ मिश्रण हळूहळू जळते, इतके हळू की पुढच्या वेळी इनलेट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत ज्वाला शिल्लक राहते आणि ती मागे कार्बोरेटरकडे येते.

आधी सवयीविषयी विचारतो, राग मानू नका. किक मारताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर थोडा उघडता का? वडिलांच्या पिढीतल्या बुलेटला अमालच्या पद्धतीचा कार्बोरेटर असे. त्यावरचे बटण दाबून पेट्रोल ठिबकेपर्यंत ‘टिकल’ करायचे आणि मग मूठ किंचित उघडून किक मारायची, ही रीत त्या कार्बोरेटरसाठी अगदी योग्य होती. मिककार्बमध्ये चोक म्हणून ज्याला आपण म्हणतो, तो खरे तर हवा अडवणारा पडदा नाहीच. ती एक स्वतंत्र वाट आहे. पितळी चिमटी ओढली की एक छोटा दट्ट्या वर उचलला जातो आणि इंजिनाच्या ओढीने जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर थेट आत जाते. ही वाट चालते ती स्लाइड, म्हणजे मुठीने उचलली जाणारी कार्बोरेटरमधली झडप, पूर्ण बंद असेल तेव्हाच. मूठ पाव भाग उघडली की इंजिनाची ओढ मोठ्या वाटेने हवा घेते आणि चोकच्या वाटेवर ओढच उरत नाही. म्हणजे चोक चालू आहे असे तुम्ही समजता आणि प्रत्यक्षात थंड इंजिनाला उन्हाळ्यातले मिश्रण मिळते. ज्यांच्याकडे ‘थंडीत सुरूच होत नाही’ म्हणून रडगाणे असते, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचा आजार त्यांच्या उजव्या मनगटात असतो, असे माझे मत आहे.

दुसरे म्हणजे कार्बोरेटर आणि हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) यांच्यामधला सांधा. तिथून चोरटी हवा जात असेल तर गरम इंजिन ती निभावून नेते. थंड इंजिनात मात्र पेट्रोलचा बराच भाग वाफ न होता इनलेटच्या भिंतींना ओलाव्यासारखा चिकटून राहतो, म्हणजे मिश्रण मुळातच उपाशी असते, आणि त्यात ही जास्तीची हवा. तपासायची रीत सोपी आहे. गाडी सुरू होऊन मंद चालत असताना त्या सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशने लावा. ठोक्यांचा ताल बदलला तर गळती आहे. सोबत कार्बोरेटरच्या बाजूचा एअर स्क्रू किती फेरे उघडा आहे तेही मोजून लिहा, म्हणजे आत पूर्ण हलक्या हाताने फिरवून फेरे मोजायचे आणि पुन्हा तेवढाच बाहेर घ्यायचा. या कार्बोरेटरवर तो आत घेतला की मिश्रण दाट होते. नेहमीची जागा साधारण दीड फेऱ्याच्या आसपास असते.

इथेनॉलबद्दल जे ऐकले त्यात तथ्य आहे, पण ‘उपाय नाही’ हे खरे नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. वीस टक्के मिसळलेल्या इंधनाला मग साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. जुन्या मापाचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) मात्र पूर्वीइतकेच इंधन सोडतो, म्हणून मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. शिवाय तेवढ्याच वजनाच्या इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, आणि पहाटेच्या सहा अंशांत ती उष्णता आणायची कुठून? पण हा सात-आठ टक्क्यांचा फरक ज्या गाडीत बाकी सगळे ठीक आहे तिथे दोन-तीन जास्तीच्या किकांवर निभतो. पंधरा किका लागत असतील तर इथेनॉलच्या नावावर दुसरे कोणीतरी लपले आहे.

कृष्णाकाठ:

वरच्या दोघांनी सगळे सविस्तर लिहिले आहे, मी फक्त त्या निळ्या धुराबद्दल बोलतो. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसलाच जोडलेली असते आणि गाडी चार-सहा दिवस उभी राहिली की पंपाच्या फटीतून ऑइल झिरपून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या, कप्प्यात उतरते. सुरू करताना ते फ्लायव्हीलबरोबर उडते, काही पिस्टनच्या रिंगांवरून वर जाते, प्लग तेलकट होतो आणि गाडी ठोके गाळते. माझ्या गाडीला हेच होते. मी सकाळी डिपस्टिक पाहून ‘ऑइल कमी झाले’ म्हणून पाव लिटर ओतले आणि मग जो धूर निघाला त्याने गल्लीतली माणसे बाहेर आली. ऑइल कुठे गेले नव्हते, खाली बसले होते. डिपस्टिक नेहमी गाडी चालवून आल्यावर पाहावी. बोअरचा निर्णय या धुरावरून घेऊ नये.

जुना_फिटर:

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत आहे, एवढीच पुस्ती जोडतो की धूर मिनिटभरात जात असेल तर रिंगांना दोष देता येत नाही. रिंगा गेल्या असतील तर घाटात चढताना, गरम इंजिनावर, मागे वळून पाहिल्यावर दिसतो तो धूर वेगळा.

पायलट_जेट यांनी निम्म्या लोकांचे मनगट आजारी ठरवले, ते प्रमाण मला जास्त वाटते. माझ्या अनुभवात पॉइंटची काजळी पहिली आणि मनगट दुसरे. पण तपासायला दोन्हींना पैसे लागत नाहीत, म्हणून वाद नको.

द्राक्षबाग:

आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण फिटरकाकांनी सांगितल्याप्रमाणे रोज एकच गोष्ट केली. वहीतून उतरवून देतो.

पहिली सकाळ, सात अंश. किकवर उभा राहिलो तर मनात आठ मोजेपर्यंत किक हलली नाही, मग हळूहळू खाली गेली. माझे वजन ऐंशी किलो आहे, म्हणजे बोअरचा विषय मी माझ्यापुरता मिटवला. डिकॉम्प्रेसरच्या केबलला ढील आहे. दहा किकांनंतर प्लग काढला तो कोरडा ठणठणीत निघाला, वासही नाही.

दुसरी सकाळ. अँमीटरचा काटा वजा बाजूला जेमतेम एक काडी सरकला. संध्याकाळी बागेतून आल्यावर पुन्हा पाहिले तर चारपर्यंत गेला. हे पाहून खरे सांगायचे तर अंगावर काटा आला, कारण पॉइंट महिन्यापूर्वीचे नवे आहेत.

तिसऱ्या सकाळी गोल झाकण काढले. पॉइंट नवेच दिसत होते, पण बसवणाऱ्याने कॅमला ग्रीस इतके लावले होते की ते उडून पॉइंटच्या टोकांवर आले होते आणि त्यावर राखाडी काजळी धरली होती. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये बुडवून पॉइंटमधून ओढली, ती काळी झाली. चौथी पट्टी स्वच्छ निघाली. मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट पाहिली ती ०.३ मिलिमीटर होती, ०.३८वर आणली. त्या दिवशी गाडीने अकराव्या किकला धरले. किक उलटी आली ती आलीच.

चौथ्या सकाळी ऑटो-अ‍ॅडव्हान्स. कॅम बोटाने फिरवून सोडला तर तो तिथेच राहिला, परत आलाच नाही. प्लेट काढून वजने रॉकेलने धुतली, खिळ्यांच्या जागी मशिनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. आता तो सोडल्याबरोबर ‘टक्’ करून बसतो. त्यानंतर आजतागायत किक उलटी आलेली नाही. लागलेल्या किका मात्र नऊ.

पाचवी सकाळ मनगटाची. होय, मी मूठ उघडतो. वडील तसेच करायचे, त्यांच्या आधीच्या बुलेटला ते टिकलरचे बटण होते आणि मी त्यांच्याकडे पाहूनच शिकलो. मूठ पूर्ण सोडून, इग्निशन बंद ठेवून, चोक ओढून दोन किका मारल्या, मग इग्निशन चालू करून काटा शून्यावर आणला आणि एक लांब किक मारली. तिसऱ्या किकला गाडी धरली. मी इतका दचकलो की डावा हात आपोआप चोककडे गेला, आणि चोक बंद केला तशी ती पुन्हा शिंकून बंद पडली.

म्हणजे सुरू होण्याचा प्रश्न बराच सुटला आहे, पण सुरू राहण्याचा आहे तसाच आहे. सहाव्या दिवशी साबणाचे पाणी लावले. कार्बोरेटरच्या सांध्याच्या वरच्या अंगाला लावले तेव्हा काही नाही, खालच्या अंगाला लावल्याबरोबर ठोके मंदावले आणि बुडबुडा आत ओढला गेलेला डोळ्यांनी दिसला. एअर स्क्रू मोजला, तो अवघा अर्धा फेरा उघडा आहे. सातव्या आणि आठव्या दिवशी काही केले नाही, पाहुणे होते. आता सांधा कसा दुरुस्त करू? नुसते नट आणखी आवळले तर चालतील का?

पायलट_जेट:

नट मुळीच आवळू नका! बहुधा आवळण्यानेच हे झाले आहे. या कार्बोरेटरच्या फ्लँजला, म्हणजे हेडकडच्या सपाट तोंडाला, दोन बाजूंना दोन नट असतात आणि मधल्या भागाला आधार नसतो. गळती दिसली की प्रत्येक जण थोडे अधिक आवळतो, दोन्ही कान हेडकडे खेचले जातात आणि फ्लँज धनुष्यासारखी वाकते. मध्ये फट पडते, म्हणून पुन्हा आवळतात. तुमच्या अर्ध्या फेऱ्याच्या एअर स्क्रूचे कोडेही इथेच सुटते. कोणीतरी कधीतरी ही चोरटी हवा झाकण्यासाठी स्क्रू आत घेऊन मिश्रण दाट केले, म्हणून गरम गाडी सुरेख चालते.

कार्बोरेटर उतरवा. जाड काचेचा तुकडा घ्या, जुन्या टेबलावरची काच चालेल, तिच्यावर बारीक एमरी पेपर सपाट ठेवून थोडे तेल टाका आणि फ्लँज त्यावर इंग्रजी आठच्या आकाराने, जोर न देता फिरवा. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांनंतर उचलून पाहिलेत तर फक्त कान चमकलेले दिसतील आणि मधला भाग काळाच राहील. पूर्ण तोंड सारखे चमकेपर्यंत घासा. मधला उष्णता अडवणारा तुकडाही दोन्ही बाजूंनी तसाच तपासा, तोही वाकतो. मग नवे पॅकिंग, धातूची धूळ राहणार नाही अशी स्वच्छ धुणी, आणि नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, छोट्या पान्याने, मनगटाच्या जोराइतकेच. नंतर एअर स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवून तिथून गरम इंजिनावर पुढेमागे करून सर्वांत वरचा आणि सारखा ताल मिळेल तिथे आणा. आधी एअर स्क्रू फिरवून मग सांधा दुरुस्त केलात तर पुन्हा पहिल्यासारखेच होईल.

इथेनॉलसाठी पायलट जेट (मंद चालतानाचे पेट्रोल सोडणारा जेट) एक माप मोठा टाकण्याचा मोह होईल. सांधा नीट होऊन चार सकाळी जाईपर्यंत तो आवरा.

जुना_फिटर:

कार्बोरेटर खाली आहेच तर त्याच दिवशी टॅपेटही पाहून घ्या, एवढ्या एका अपवादाला माझी हरकत नाही, कारण ते फक्त पाहायचे आहे, बदलायचे नाही. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, उजवीकडचे टॅपेटचे झाकण काढून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी फिरवा. दोन्ही सहज फिरल्या पाहिजेत, पण वर-खाली खेळ जाणवता कामा नये. एखादी फिरतच नसेल तर तो व्हॉल्व्ह थंडीत पूर्ण बसत नाही, आणि मग वहीत नवे पान सुरू करावे लागेल.

द्राक्षबाग:

काम रविवारी केले. काचेवर पहिल्या डझनभर फेऱ्यांनंतर फ्लँज उलटी करून पाहिली तेव्हा पायलट_जेट यांनी सांगितले तेच दिसले, दोन कान आरशासारखे आणि मधला भाग जसाच्या तसा. पूर्ण तोंड चमकायला पाऊण तास लागला. मधला तुकडाही किंचित वाकलेला होता, तो नवा घेतला. दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरतात, खेळ नाही. एअर स्क्रू शेवटी एक फेरा आणि थोडा अधिक इथे स्थिरावला.

सोमवारी पहाटे सहा अंश होते. दुसऱ्या किकला गाडी धरली. मिनिटभराने चोक बंद केला, ठोके जरा मंदावले पण शिंक आली नाही आणि ती चालत राहिली. मंगळवारी दुसऱ्या किकला, बुधवारी चौथ्या किकला (बॅटरीचा दिवा रात्रभर चालू राहिला होता, त्याचा दोष गाडीला देत नाही), गुरुवारी पुन्हा दुसऱ्या किकला. आज शेकोटीजवळ शेजाऱ्यांनी विचारले की इंजिन केले का. पत्रिकेचा कागद, रॉकेल, एमरी, एक पॅकिंग आणि तो एक तुकडा एवढाच खर्च सांगितला तर त्यांना खरे वाटेना.

आता दोन शंका उरल्या आहेत. जेट बदलण्याची गरज आता आहे का? आणि निळा धूर अजून येतो, विशेषतः गाडी तीन-चार दिवस उभी राहिल्यावर. डिपस्टिकही सकाळी संध्याकाळपेक्षा खाली दिसते, कृष्णाकाठ म्हणाले तसेच.

पायलट_जेट:

दोन किकांना उठणाऱ्या आणि मिनिटभरात चोक सोडणाऱ्या गाडीचा जेट मी तरी बदलणार नाही. फक्त गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीखालचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. इथेनॉलचे पेट्रोल हवेतला ओलावा धरते आणि पायलट जेटच्या बारीक भोकात चिकट थर सोडते. मग पुढच्या डिसेंबरात पुन्हा हीच चर्चा.

जुना_फिटर:

धुराचे काम पंपाचे आहे. पंपाच्या चकत्या आपल्या बैठकीवर घासून नीट बसवल्या की झिरपणे बरेच कमी होते, पण त्यासाठी टायमिंगच्या बाजूचे झाकण उघडावे लागते आणि ऐन हंगामात ते कोणी करू नये. छाटणीच्या आधी, पावसाळ्यात गाडी उभी असेल तेव्हा उघडा आणि इथे लिहा, पायरीपायरीने सांगेन. तोपर्यंत गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर सुरू करण्यापूर्वी क्रँककेसच्या खालचा बोल्ट काढून साठलेले ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या आणि वरून टाकीत परत ओता. आणि डिपस्टिक संध्याकाळचीच खरी धरा.